महागडं रिफंडेबल तिकीट काढून ओव्हरबुकिंगची भरपाई कमावता येईल का?

ठाण्याच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न आधी सांगतो. तो लिहितो : "दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून नागपूरला जाणारी विमानं खचाखच भरलेली असतात. आम्ही सहा मित्र प्रत्येकी एक तिकीट काढणार, वरच्या भाड्याचं, पूर्ण पैसे परत मिळणारं. विमान ओव्हरबुक झालं आणि आम्हाला चढू दिलं नाही, तर नियमाप्रमाणे भाड्याच्या चौपट भरपाई. भाडं जेवढं मोठं तेवढी भरपाई मोठी. आणि तसं काही झालंच नाही, तर तिकीट रद्द करून सगळे पैसे परत. काका, यात आमचा तोटा कुठे आहे? जाता जाता, आईलाही त्याच आठवड्यात नागपूरला मावशीकडे जायचंय. तिचं तिकीट कधी काढू?"

आईच्या तिकिटाचं शेवटी सांगतो, कारण तोच या पत्रातला खरा कामाचा प्रश्न आहे.

मी तेवीस वर्षं सांताक्रूझ आणि सहार अशा दोन्हीकडे काउंटरच्या मागच्या बाजूला काढली. त्यातली शेवटची नऊ ड्यूटी मॅनेजर म्हणून. विमान ओव्हर गेलं, म्हणजे जागांपेक्षा प्रवासी जास्त झाले, की कुणाला चढवायचं आणि कुणाला खाली ठेवायचं, त्या यादीवर शेवटची सही माझी असायची. त्यामुळे या डोकेबाज योजनेकडे मी त्या यादीच्या बाजूने बघतो. तिथून पाहिलं की एक गोष्ट लगेच दिसते. तुम्ही जे तिकीट निवडलंय, ते तुम्हाला त्या यादीत येऊच देत नाही.

पण आधी पैशाचं बघू, कारण मोह तिथून सुरू झालाय.

आपल्याकडे हा नियम डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा आहे. चढू न देणं, उड्डाण रद्द होणं आणि उशीर, या तिन्हींसाठी मिळून तो २०१० साली आला आणि पुढे बदलत गेला. कन्फर्म तिकीट हातात आहे, तुम्ही वेळेत हजर आहात आणि तरी जागा नाही म्हणून चढू दिलं नाही, तर कंपनीने तुमची दुसऱ्या विमानात सोय करायची. ते दुसरं विमान तुमच्या मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारं असेल तर भरपाई शून्य. चोवीस तासांच्या आत असेल तर दुप्पट, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये. चोवीस तासांच्या पुढे गेलं तर चौपट, पण जास्तीत जास्त २०,००० रुपये. दुसरं विमान नकोच म्हणालात, तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि वर चौपट, तिथेही कमाल २०,००० च.

दुप्पट-चौपट कशाच्या, तेही बघा. एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, एवढ्याच्या. तुमच्या कार्डावरून जी रक्कम जाते त्यात विमानतळाचे आकार असतात, जीएसटी असतो, कन्व्हिनियन्स फी असते. ते यात धरत नाहीत.

आता साधा हिशेब करा. मूळ भाडं आणि इंधन मिळून ५,००० रुपये असलेलं साधं तिकीट. दुप्पट १०,०००, म्हणजे कमाल गाठली. चौपट २०,०००, तिथेही कमाल गाठली. तुम्ही ९,००० चं फ्लेक्सी, म्हणजे हवं तसं बदलता येणारं, तिकीट काढा किंवा २५,००० चं बिझनेसचं, वर एक रुपया जास्त मिळणार नाही. "भाडं मोठं तेवढी भरपाई मोठी" हे वाक्य पाच हजारांपर्यंतच खरं आहे. आणि नागपूरला दुसऱ्या दिवशी सकाळी विमान असतंच, त्यामुळे तुमच्या बाबतीत बहुतेक वेळा दुप्पटवालाच नियम लागणार. मुंबई–दिल्लीवर तर एकाच कंपनीचं पुढचं विमान तासाभरात सुटताना दिसतं. तिथे कंपनीने तुम्हाला त्यात बसवलं की हातात काहीच नाही, तुम्ही कितीही महाग तिकीट काढलेलं असो.

रिफंडेबल असण्याचा फायदा काय, तर तोही इथे नाही. चढू न दिल्यावर प्रवास नको म्हटलं की सगळे पैसे परत मिळतात, ते सगळ्यात स्वस्त, एरवी रद्द करून हाती जवळपास काही न येणाऱ्या तिकिटाचेही मिळतात. म्हणजे पैसे परत मिळण्याच्या सोयीसाठी तुम्ही जे जास्तीचे मोजलेत, ते ज्या प्रसंगाची वाट बघताय नेमक्या त्या प्रसंगी निरुपयोगी.

आता यादी.

विमान ओव्हर आहे हे आम्हाला काउंटरवर आयत्या वेळी कळायचं असा लोकांचा समज असतो. दुपारीच कळायचं. सिस्टीममध्ये किती बुक, किती जागा, किती जणांचं वेब चेक-इन झालं, मागून कनेक्शनने किती येणार, हे दिसत असतं. मी त्याचा कागद काढून शर्टाच्या खिशात ठेवायचो. त्या कागदावर नावांच्या पुढे तिकिटाचा क्लास एका अक्षरात असतो. साध्या प्रवाशाला ते अक्षर कधी दिसतच नाही, पण आमचं सगळं राजकारण त्या एका अक्षरावर चालायचं. पूर्ण भाड्याचा, हवा तसा बदलता येणारा क्लास सगळ्यात वर. त्यात फ्रीक्वेंट फ्लायरचं सोनेरी कार्ड असेल तर आणखी वर. सगळ्यात स्वस्त सेलचं तिकीट आणि सगळ्यात उशिरा चेक-इन, हे सगळ्यात खाली. लहान मूल कडेवर असलेली बाई, व्हीलचेअरवरचे आजोबा, एकटं प्रवास करणारं पोर, पुढे परदेशाचं विमान धरायचं असलेला माणूस, यांना आम्ही बाजूला काढून ठेवायचो. त्यांना हात लावायचा नाही हा आमचा शिरस्ता. उरलेल्यांत खालून सुरुवात.

एक संध्याकाळ अजून जशीच्या तशी आठवते. कंपनीचं नाव नको. दिवाळीच्याच तोंडावरचा शुक्रवार, नागपूरचंच विमान. इकॉनॉमी चारने ओव्हर, पुढे बिझनेसमध्ये बारा जागा आणि त्यातल्या आठ विकलेल्या. एक गृहस्थ काउंटरवर तिसऱ्यांदा आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात एकच छोटी बॅग. घरी जायची घाई असलेल्या माणसाची बॅग अशी नसते. दिवाळीला नागपूरला निघालेल्या माणसाकडे किमान दोन खोकी आणि एक मिठाईची पिशवी असते.

"साहेब, आज ओव्हर आहे ना? मी राहायला तयार आहे."

म्हटलं, "छान. व्हाउचर देतो, हॉटेल देतो, सकाळच्या विमानात जागा देतो."

"व्हाउचर नको. नियमाप्रमाणे द्या."

मी त्यांना समजावलं की स्वतःहून राहिलात तर तो आपला दोघांचा सौदा, त्याला नियमाची रक्कम लागत नाही. नियमाची रक्कम हवी तर मी तुम्हाला नाकारलं पाहिजे, आणि नाकारायचं तर यादीप्रमाणे.

"मग यादीत बघा ना माझं नाव."

बघितलं. "तुमचं नाव पहिलं आहे."

चेहरा असा फुलला त्यांचा. "बघा! मी म्हटलं होतं."

"वरून पहिलं," मी म्हटलं.

त्यांच्याकडे पूर्ण भाड्याचं तिकीट होतं. इकॉनॉमी भरली की आम्ही वरच्या यादीतले चार जण उचलून पुढच्या रिकाम्या जागांवर बसवतो. त्याला आमच्यात ऑप-अप म्हणतात. ज्याने जास्त पैसे मोजलेत त्याला आधी. माझ्या मुलीने, म्हणजे काउंटरवरच्या आमच्या मुलीने, त्यांचा बोर्डिंग पास काढला, २सी. भरपाईच्या आशेने आलेला माणूस गरम टॉवेल आणि काचेच्या ग्लासातलं सरबत घेऊन नागपूरला गेला. तिथे त्यांचं काय काम होतं देव जाणे. मला वाटतं, काहीच नव्हतं, आणि रात्री परतीचं विमानही नव्हतं.

त्या दिवशी चार जागांनी निभावलं. पाच जण ओव्हर असते तर पाचवी कोण होती तेही मला माहीत होतं. कल्याणहून निघून घाटकोपरच्या पुढे अडकलेली एक बाई, बरोबर दहाएक वर्षांची मुलगी, सेलमध्ये तीन महिने आधी काढलेली तिकिटं. काउंटर बंद व्हायला चार मिनिटं असताना धावत आली. मुलीच्या हातात स्टीलचा चिवड्याचा डबा होता, तो तिने वजनकाट्यावर ठेवला आणि परत उचलून घेतला.

तुमच्या सहा तिकिटांचा खरा परिणाम तिच्यावर होतो, म्हणून हे लिहिलं. कसा ते सांगतो.

कोणत्या विमानावर किती जास्त विकायचं, हे ठरवणारा विभाग वेगळा असतो. ती माणसं विमानतळावर नसतातच, आकड्यांत बसलेली असतात. प्रत्येक क्लासची न येण्याची सवय त्यांच्याकडे नोंदलेली असते. स्वस्त, पैसे बुडणाऱ्या तिकिटाचा माणूस ताप अंगात घेऊनही येतो. फ्लेक्सी तिकिटाचा माणूस मीटिंग लांबली तर सरळ दुसऱ्या विमानाने जातो. त्यामुळे एखाद्या विमानावर फ्लेक्सी तिकिटं वाढली की सिस्टीम समजते, यातले काही येणार नाहीत, आणि तेवढ्या जागा आणखी विकायला काढते.

म्हणजे तुम्ही सहा जणांनी ओव्हरबुकिंगला हातभार लावला, इथवर तुमचं बरोबर. आता दोनच शक्यता उरतात. तुम्ही सहाही जण खरंच विमानतळावर आलात, तर विमान ओव्हर जाईल, पण खाली राहील ती चिवड्याच्या डब्यावाली, कारण तिचं अक्षर तुमच्या खाली आहे. किंवा तुम्ही ऐन वेळी रद्द केलंत, तर सहा जागा मोकळ्या होतील आणि ओव्हर असलेलं विमानही सुटसुटीत होईल. भरपाईची वाट बघणारा माणूस स्वतःच जागा सोडून देतो! यात तुम्हाला पैसे मिळतात अशी तिसरी शक्यता मला तेवीस वर्षांत दिसली नाही.

शक्यतेचंही गणित एकदा करून टाकतो. १८० जागांचं एअरबस ए-३२० घ्या. १८५ तिकिटं विकली आणि प्रत्येक प्रवासी येण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तर १८० पेक्षा जास्त लोक येण्याचा प्रसंग शंभर उड्डाणांत चार-पाच वेळा येतो. तेव्हाही बहुधा एक किंवा दोनच माणसं जास्त असतात. सगळ्या प्रवाशांना सारख्या चिठ्ठ्या टाकून निवडलं असं समजलं, तरी एका प्रवाशाच्या वाट्याला हे येण्याची शक्यता अडीच-तीन हजारांत एक. आणि निवड चिठ्ठ्या टाकून होत नाही. वरच्या अक्षराला ती जवळपास शून्य. हे आकडे मी समजावायला धरलेत, पण धरायचे ते उदारपणेच धरलेत.

शिवाय दिवाळीचं विमान ही निवडच चुकली. भरलेलं विमान म्हणजे ओव्हरबुक विमान, असं लोकांना वाटतं. दिवाळीला नागपूरला, गणपतीत गोव्याला किंवा मंगळुरूला जाणारा माणूस येतोच येतो. न येणारे कमी, म्हणून तिथे जास्तीची विक्रीही हात आखडून करतात. जास्त विकलेली विमानं असतात ती सोमवारी पहाटेची आणि गुरुवार-शुक्रवार संध्याकाळची दिल्ली-बंगळुरूची, जिथे ऑफिसच्या पैशाने फिरणारी माणसं वेळा बदलत राहतात. आणि तिथेही आमच्याकडे खाली राहिलेल्यांत खऱ्या ओव्हरबुकिंगपेक्षा दुसरीच कारणं पुष्कळ असायची. मोठं विमान बिघडलं म्हणून छोटं आणलं, किंवा एप्रिलच्या दुपारी एटीआरला धावपट्टीवर वजन झेपेना म्हणून सहा माणसं कमी केली. यांचं भाकीत कुणालाच करता येत नाही, मलाही नाही.

"रिफंडेबल" या शब्दाखालचं बारीक अक्षरही वाचा. बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळतात ते सुटण्याच्या ठरावीक तास आधी रद्द केलं तर. काउंटर बंद होईपर्यंत वाट बघून मग रद्द करू म्हटलं, तर तुम्ही नो-शो, म्हणजे न आलेले प्रवासी. त्याचा नियम निराळा आणि कापणी मोठी. तुमची योजना मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत थांबण्यावरच उभी आहे, कारण कुणाला नाकारलं हे काउंटर बंद झाल्यावरच ठरतं. चेक-इन करून बसलात तर रद्द करायला आधी ऑफलोड करून घ्यावं लागतं, म्हणजे त्या विमानाच्या यादीतून नाव काढून घ्यावं लागतं. सिक्युरिटी ओलांडलेला प्रवासी परत बाहेर काढणं हे आमच्यासाठी आणि विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफसाठी किती कटकटीचं असतं, ते विचारू नका. नोंद, सही, एस्कॉर्ट, सगळं. असे सहा जण एकाच संध्याकाळी उगवले तर ड्यूटी मॅनेजरला दुसऱ्यालाच वास येतो. कन्व्हिनियन्स फी सहसा परत येत नाही हे तर तुम्हाला माहीत असेलच.

एकाच माणसाने एकाच विमानाची दोन-तीन तिकिटं काढणं तर विसराच. सारखं नाव, सारखी तारीख दिसली की सिस्टीम स्वतःच डुप्लिकेट म्हणून खूण करते आणि तिकिटं रद्द होतात. दादर-पार्ल्यातला एखादा ओळखीचा एजंट "करून देतो" म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा की डेबिट मेमो, म्हणजे कंपनीचा वसुलीचा कागद, आला तर कोण भरणार. कंपनी त्याच्या खात्यातून पैसे वळते करते, आणि मग तो तुम्हाला फोन करतो. खोट्या नावाने काढायचं म्हणाल, तर गेटवर ओळखपत्र बघतात.

इथे एक जरा गंभीर गोष्ट. मुंबईत पूर्ण पैसे परत मिळणारं तिकीट काढून आत शिरायचं, कुणाला तरी सोडायचं आणि तिकीट रद्द करून बाहेर पडायचं, असे प्रकार सीआयएसएफने पकडून लोकांना सहार पोलिसांच्या हवाली केलंय. हेतू साधा असतो, नवऱ्याला किंवा आईला गेटपर्यंत पोचवायचं. तरी गुन्हा दाखल होतो, कारण तो भाग सुरक्षित क्षेत्र आहे आणि तुम्ही प्रवास करणार असल्याचं भासवून आत गेलात. प्रवासाचा हेतूच नसताना सहा जणांनी ठरवून तिकिटं काढली, भरपाई मागितली, आणि ते ठरवल्याचे मेसेज फोनमध्ये आहेत, हे चित्र एखाद्या वकिलाला दाखवून बघा. फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे.

कुणी म्हणेल, वीस हजारांची कमाल मर्यादा काही देवाने घातलेली नाही. बरोबर. २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलंय की डीजीसीएच्या त्या नियमातली रक्कम ग्राहक न्यायालयाचे हात बांधत नाही, खरं नुकसान झालं असेल तर प्रवासी जास्त मागू शकतो. पण तिथे नुकसान दाखवावं लागतं. लग्न हुकलं, मुलाखत गेली, परदेशाचं विमान चुकलं. तुमचं काय हुकलं? नागपूरला न जाण्यासाठीच तर निघाला होतात.

आता तुमच्या डोक्यात ही कल्पना आली कुठून, त्याचा मला अंदाज आहे. अमेरिकेतल्या एखाद्या माणसाचा व्हिडिओ बघितला असणार, जो म्हणतो की जागा सोडून सोडून मी वर्षभर फुकट फिरलो. ते खोटं नसतं. तिथली गोष्ट वेगळी आहे आणि मजेशीरही, म्हणून जरा थांबतो.

१९७२ साली ग्राहक हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांना वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जाणाऱ्या अ‍ॅलेगेनी एअरलाइन्सच्या विमानात, कन्फर्म तिकीट असूनही, जागा नाही म्हणून चढू दिलं नाही. ते कोर्टात गेले आणि प्रकरण १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने सुचवलं होतं की कुणाला जबरदस्तीने उतरवण्यापेक्षा प्रवाशांमध्ये उलटा लिलाव करा, जो कमीत कमी पैशात थांबायला तयार होईल त्याला ते द्या. कंपन्यांनी हसण्यावारी नेलं. दहा वर्षांनी सरकारी मंडळाने तेच नियमात आणलं : आधी स्वेच्छेने राहणारे शोधा. आपल्या डीजीसीएच्या नियमातही पहिली पायरी तीच आहे.

फरक इतकाच की अमेरिकेत तो सौदा खरोखर रंगतो. गेटवर माइकवरून रक्कम वाढवत नेतात. २०१७ च्या एप्रिलमध्ये शिकागोला युनायटेडच्या विमानातून एका प्रवाशाला ओढून बाहेर काढलं आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली. त्यानंतर डेल्टाने आपल्या मॅनेजरांना एका प्रवाशासाठी ९,९५० डॉलरपर्यंत देण्याची मुभा दिली. जबरदस्तीने उतरवल्यास नियमाची कमाल रक्कम जानेवारी २०२५ पासून २,१५० डॉलर आहे. पण तिथे पैसे कमावणारी माणसं कोण, तर स्वस्त तिकीट घेऊन, खरंच कुठेतरी निघालेली, वेळेची घाई नसलेली. सौदा जागेचा असतो, तिकिटाच्या किमतीचा नसतो. स्वस्त जागा आणि महाग जागा सोडणाऱ्याला तेच व्हाउचर.

युरोपात तर रक्कम भाड्यावर नाहीच, अंतरावर आहे : २५०, ४०० किंवा ६०० युरो. युरोपीय कंपनीच्या विमानाने मुंबईहून फ्रँकफर्टला निघालात आणि तुमच्या मर्जीविरुद्ध चढू दिलं नाही, तर तिथला नियम तुम्हाला लागतो आणि ६०० युरो मिळतात. त्या विमानातल्या सगळ्यात स्वस्त तिकिटालाही तेवढेच. ब्रिटिश कंपनीने लंडनला निघालात तर ५२० पौंड. मी आणि माझ्यासारखे कंपनीच्या सवलतीच्या तिकिटावर फिरणारे मात्र या नियमात बसत नाही. लंडनला मुलाकडे जाताना मी सहारला तीन रात्री ओळीने स्टँडबाय म्हणून, म्हणजे जागा उरली तर चढायचं म्हणून, थांबलो होतो. तिसऱ्या रात्री बायकोने मला थर्मासमधला चहाही दिला नाही.

वरच्या वर्गाच्या प्रवाशाच्या एका हक्काबद्दल मात्र सांगायला हवं, कारण त्याची लोकांना कल्पना नसते. बिझनेसचं तिकीट असताना मागे इकॉनॉमीत बसवलं, तर फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात करांसकट तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. परदेशी मार्गावर अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. याला वर सांगितलेली कमाल नाही. पण हे परत मिळणारे पैसे तुमचेच, आणि मागे बसून प्रवास करावा लागतो तो वेगळाच.

आता आई.

तुम्ही सहा जणांनी फ्लेक्सी तिकिटं काढलीत की त्या विमानातल्या विकलेल्या जागा वाढतात, स्वस्त क्लास लवकर बंद होतात आणि उरलेल्यांचं भाडं वर सरकतं. तुम्ही ऐन वेळी रद्द कराल तेव्हा ते खाली येईलच असं नाही, आणि आलं तरी तोवर आईचं तिकीट काढून झालेलं असेल. म्हणजे या सगळ्या डोकेबाजीतून पैसे निश्चित जाणार ते तुमच्या घरातूनच. तेव्हा आईचं तिकीट आजच काढा, साधं, जे भाडं परवडेल त्याचं. त्यांचं नक्की नसेल, आजारपण वगैरे असेल, तर मात्र रिफंडेबलचे जास्तीचे पैसे जरूर मोजा, ते तिकीट त्याचसाठी असतं. शुक्रवार संध्याकाळ टाळता आली तर टाळा, गुरुवारी सकाळचं बघा.

बहुतेक कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी सुरू होतं. ते सुरू होताच करून टाका आणि बोर्डिंग पास त्यांच्या फोनवर पाठवा. एवढ्यानेच यादीत त्या बऱ्याच वर सरकतात. ठाण्याहून निघताना घोडबंदर रोड आणि पुढचा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे दिवाळीच्या आठवड्यात कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. बहुतेक कंपन्यांचा देशांतर्गत काउंटर साठ मिनिटं आधी बंद होतो. पास फोनवर असला तरी खोकी काउंटरवरच द्यायची असतात, आणि उशिरा पोचलेल्याला भरपाईचा नियम लागत नाही. टर्मिनल एक की दोन, ते तिकिटावर बघून त्यांना कागदावर लिहून द्या. मागच्याच महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एक आजी चुकीच्या टर्मिनलला जाऊन बसल्या होत्या.

आणि एवढं करूनही काउंटरवर "मॅडम, जागा नाही" असं ऐकावं लागलंच, तर त्यांना तीन गोष्टी पाठ करून ठेवायला सांगा. "मी स्वतःहून राहत नाहीये" हे स्पष्ट म्हणायचं. कारण लेखी मागायचं. आणि पैसे रोख किंवा बँकेत घ्यायचे. व्हाउचर द्यायचं तर त्यांची सही लागते, आणि घाईगर्दीत पुढे केलेल्या कागदावर ती न वाचता करायची नाही. काउंटरवर दाद लागली नाही तर त्याच रात्री एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, बोर्डिंग पासचा नाहीतर तिकिटाचा फोटो जोडून. २०२२ च्या जूनमध्ये अशाच प्रकरणात, चढू न देऊन वर भरपाईही नाकारल्याबद्दल, डीजीसीएने एअर इंडियाला १० लाखांचा दंड केला होता. हा संदर्भ तक्रारीत एका ओळीत टाकला तर वाचणारा जरा सरसावून बसतो. मी त्या खुर्चीवर असताना तरी बसायचो.